पाठविले म्हणजे शिकविले नव्हे

दिवाणी न्यायालयात ज्याने चार दिवस काढले आहेत, त्याला समन्स निघणे आणि समन्स बजावले जाणे यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. कचेरीच्या जावक वहीत नोंद झाली, शिक्का उठला, बेलिफाच्या हाती कागद पडला, एवढ्यावर कोणताही न्यायाधीश दावा एकतर्फी चालवावयास घेत नाही. बजावणी रीतसर झाल्याची खातरजमा केल्यावाचून गैरहजर पक्षाविरुद्ध पाऊल टाकू नये, असा दिवाणी प्रक्रिया संहितेचा दंडक आहे. जी गोष्ट ज्याच्यापर्यंत पोचलीच नाही तिचे उत्तरदायित्व त्याच्या माथी मारणे हा अन्याय होय, एवढीच त्यामागची भूमिका. चार गुंठे जमिनीच्या तंट्यात आम्ही हा विवेक कसोशीने सांभाळतो. आमच्या मुलांच्या शिक्षणात मात्र तो आम्ही खुंटीला टांगून ठेवला आहे, असा माझा आरोप आहे.

हा आरोप कोणावर आहे ते प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. भ्रमणध्वनी, संगणक, व्हॉट्सॲपचे गट, ध्वनिचित्रफिती, घरबसल्या भरणारे ऑनलाइन वर्ग, या साधनांवर तो नाही. साधन हे साधन आहे. त्याच्यावर दावा लावून काय मिळणार? आरोप आहे तो या साधनांनी धडा ‘पाठविला’ की तो ‘शिकविला’ असे धरून चालणाऱ्या बुद्धीवर. ही बुद्धी प्रथम सरकारी खात्यांत शिरली, मग खासगी शाळांत शिरली, आणि आता आमच्या देवस्थानांच्या व मंडळांच्या सभांतही ती पाटावर बसू लागली आहे. “मुलांचे मराठीचे वर्ग बंद का पडले?” असे कोणी विचारावे, तर चिटणिसांनी शांतपणे उत्तर द्यावे, “बंद कोठे पडले? सारे ऑनलाइन आहे ना!” या ‘आहे ना’चा समाचार घेण्यासाठी हा लेखप्रपंच.

मी भोपाळचा रहिवासी. तेव्हा आधी भोपाळचीच हकीकत सांगतो. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे देशातील शाळांना कुलपे लागली. त्यानंतर काही आठवड्यांतच मध्य प्रदेशाच्या शिक्षण खात्याने ‘डिजीलेप’ नावाची योजना सुरू केली. शाळाशाळांच्या शिक्षकांनी पालकांचे व्हॉट्सॲप गट बांधावयाचे आणि वरून येणाऱ्या चित्रफिती व अभ्यास त्या गटांत सोडावयाचा, असे तिचे स्वरूप होते. आकाशवाणीवरून ‘रेडिओ स्कूल’ सुरू झाले. ६ जुलै २०२० पासून ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ ही मोहीम आली. सकाळी घरातच घंटा किंवा थाळी वाजवून पालकांनी शाळा भरवावी, अशी तिची कल्पना होती. शिक्षकांनी वस्तीत जाऊन मुलांची विचारपूस करावी, हेही तीत होते. संकटाच्या काळात हातावर हात ठेवून न बसता खात्याने काही हालचाल केली, याबद्दल त्याला दोष देणे कृतघ्नपणाचे ठरेल. अनेक शिक्षकांनी जिवावर उदार होऊन वस्त्यांतून मुले गोळा केली आणि ओट्यांवर, झाडाखाली शिकविले, हेही खरे आहे. त्यांना माझा नमस्कार.

परंतु ‘पाठविले’ आणि ‘पोचले’ यांचा हिशेब तपासू लागावे, तो चित्र पालटते. येथे माझा एखादा व्यवसायबंधू उठून म्हणेल की, कायद्यातसुद्धा पाठविलेली गोष्ट पोचली असे गृहीत धरण्याची सोय आहे. आहे खरी. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या २७ व्या कलमाप्रमाणे योग्य पत्ता घालून, हशील भरून, रजिस्टर पोस्टाने टाकलेला कागद पोचला असे मानले जाते. पण त्याच कलमाची दुसरी बाजू बंधूंनी विसरू नये. विरुद्ध पुरावा येईपर्यंतच हे गृहीत उभे राहते. पुरावा आला की ते कोसळते. शिक्षणाच्या बाबतीत विरुद्ध पुरावा ढिगाने आलेला आहे.

२०२० च्या सप्टेंबरात ‘असर’ या वार्षिक शैक्षणिक पाहणीने ग्रामीण भारतातील कुटुंबांची दूरध्वनीवरून चौकशी केली. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वी हे प्रमाण ३६.५ टक्के होते. म्हणजे यंत्र घरात आले होते. परंतु चौकशीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काहीही अभ्याससाहित्य मिळालेली मुले होती सुमारे एक तृतीयांश! यंत्र आले, धडा आला नाही. पुढे २०२१ च्या प्रारंभी अझीम प्रेमजी विद्यापीठाने पाच राज्यांतील ४४ जिल्ह्यांत, १,१३७ सरकारी शाळांतील १६,०६७ मुलांची तपासणी केली. या पाच राज्यांत आमचा मध्य प्रदेश होता. आदल्या वर्षी अंगी असलेले भाषेतील निदान एक कौशल्य गमावलेली मुले त्यांना आढळली ९२ टक्के, आणि गणितातील निदान एक कौशल्य गमावलेली ८२ टक्के. कौशल्ये तरी कोणती? चित्र पाहून चार वाक्ये बोलणे, ओळखीचे शब्द वाचणे, वाचलेले समजणे, साधी वाक्ये लिहिणे. पुढचे शिकणे दूरच राहिले. शिकलेले होते तेही हातचे गेले.

‘असर’चीच आणखी एक मालिका पाहावी. दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता येणारी तिसरीची मुले ग्रामीण भारतात २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर उतरली. शाळा पुन्हा उघडल्या, शिक्षक समोर आले, पायाभूत वाचनावर भर देण्यात आला, आणि २०२४ मध्ये हा आकडा २७.१ वर परतला. ज्या दोन वर्षांत तो सावरला त्या वर्षांत चित्रफितींना तोटा नव्हता. पण बंदीच्या काळातही तो नव्हताच. फरक पडला तो मुलासमोर माणूस परत आल्याने.

“ही तर महामारीची आपत्ती, तीवरून साधनांची परीक्षा कशी करता?” असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच मी २०२० च्या खात्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. घराला आग लागली असता माणूस खिडकीतून उडी मारतो. त्याला कोणी हसत नाही. पण आग विझल्यावरही जो दाराला कुलूप घालून खिडकीतूनच ये-जा करण्याचा उपदेश करतो, त्याला काय म्हणावे? आपद्धर्म म्हणून पत्करलेली रीत आज नित्यधर्म होऊन बसली आहे, आणि तिच्याबरोबर तिची हिशेबाची पद्धतही. किती चित्रफिती तयार झाल्या, किती जणांनी नावे नोंदविली, किती प्रमाणपत्रे निघाली, हे आकडे अहवालांत मिरवितात. किती मुलांनी उलट काही विचारले आणि त्यांना कोणी उत्तर दिले, याचा रकानाच त्या अहवालांत नसतो.

ही चूक आजची नाही. प्रत्येक पिढीला एकेक यंत्र भेटते आणि आता शिक्षकाची उणीव संपली असे तिला वाटू लागते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेचा उपग्रह वापरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे पाठ पोचविण्याचा मोठा प्रयोग आपल्या देशात झाला; त्या सहा राज्यांत मध्य प्रदेश होता. प्रयोग अभियंत्यांच्या दृष्टीने थोर होता. सप्टेंबर २००४ मध्ये खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ आकाशात गेला. २०११ मध्ये ‘आकाश’ नावाची स्वस्त पाटी-संगणकाची योजना गाजत आली. यांपैकी प्रत्येकाने काही ना काही दिलेच. परंतु प्रत्येकाच्या स्वागताच्या भाषणात जे अभिवचन होते, खेड्यातल्या पोराला शहरातला गुरू मिळेल असे, ते मात्र पुढच्या यंत्राच्या स्वागताच्या भाषणात जसेच्या तसे पुन्हा द्यावे लागले. अभिवचन पुरे झाले असते तर ते पुन्हा देण्याची पाळी आली नसती. गोमंतकीय वाचकांना याहून जुना दाखला ठाऊक आहे. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. तरी त्यानंतर शतके लोटली, आणि आमच्या वाडवडिलांना अक्षरओळख झाली ती गावोगावच्या शेणवीमामांच्या पडवीत, त्यांच्या देखत अक्षर गिरवून.

आता भोपाळकडे परत येतो, कारण या वादाचा निकाल लावणारा पुरावा मला भोपाळच्याच शेजारी सापडतो. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या नर्मदापुरमातील, सोळा माध्यमिक शाळांत ‘होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम’ सुरू झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला, आणि १९८२ पासून भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेने तो चालविला. मुलांनी विज्ञान पाठ करावयाचे नाही, करून पाहावयाचे; पाने तोडून तपासावयाची, भिंगे जुळवावयाची, मोजावयाचे, चुकावयाचे, आपसांत वाद घालावयाचा, हे त्याचे सूत्र. परीक्षेलासुद्धा पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती, कारण उत्तर पुस्तकात नव्हतेच.

त्या कार्यक्रमात ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. ‘बाल वैज्ञानिक’ या मुलांच्या पुस्तकातून सवालीराम मुलांना सांगे की, तुम्हाला जो प्रश्न पडेल तो मला पत्राने कळवा. खेड्यापाड्यांतील मुले पत्रे लिहीत, आणि प्रत्येक पत्राला उत्तर देण्याचा प्रयत्न होई. वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. सवालीराम हेही दूरशिक्षणाचे साधनच होते. त्यात वीज नव्हती, पडदा नव्हता, आवाज नव्हता. टपालाच्या तिकिटावर ते चालत असे. पण त्यात पहिला शब्द मुलाचा होता. आजच्या चित्रफितीत पहिला शब्द भोपाळचा, शेवटचा शब्दही भोपाळचाच, आणि मधला एक शब्दही मुलाचा नाही. पत्राला पोचावयास आठवडा लागे आणि चित्रफितीला क्षणही लागत नाही. तरी शिक्षण या दोहोंपैकी कशात अधिक होते, हे मी वाचकांच्या बुद्धीवर सोपवितो.

असा हा कार्यक्रम तीस वर्षे चालला, आणि २००२ साली राज्य शासनाने एका आदेशाने तो बंद केला. ज्या राज्याने मुलांचे प्रश्न ऐकून घेणारी व्यवस्था स्वतःच्या हाताने मोडली, त्याच राज्याला अठरा वर्षांनी मुलांच्या घरी चित्रफिती धाडाव्या लागल्या आणि त्यांचे काय झाले हे त्याला कळेना. मला यात दैवाचा हात दिसत नाही. माणसाने केलेल्या एका चुकीची ही सरळ वंशावळ आहे.

त्याच होशंगाबादच्या कार्यक्रमात १९७८ च्या सुमारास एक तरुण अभियंता आला. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्याने भूमितीच्या आकृत्या घडविल्या. ते अरविंद गुप्ता पुढे पुण्याच्या ‘आयुका’त मुलांसाठी विज्ञानाची खेळणी करीत राहिले, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी कशी करावी हे दाखविणाऱ्या चित्रफिती आणि असंख्य पुस्तके, त्यांत मराठीही, आंतरजालावर कोणालाही विनामूल्य मिळतात. हे ऑनलाइन साधनच आहे, आणि मी त्याचा मोठा चाहता आहे. का? तर त्यांची चित्रफीत दोन मिनिटांत मुलाला पडद्यापासून उठविते आणि केराच्या टोपलीकडे पिटाळते. शेवटी मुलाच्या हातात एक फिरणारी, वाजणारी, उडणारी वस्तू राहते. आणि ती उडाली नाही तर का उडाली नाही हा प्रश्न राहतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेत जोडण्याची जी रीत पाडली, तिचेही मर्म हेच आहे. २०२० च्या डिसेंबरात त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तो शिक्षकाला मिळाला, संकेताला नाही. संकेत आज लक्षावधी पुस्तकांवर छापलेले आहेत. प्रत्येक वर्गात डिसले कोठे आहेत?

आता कायद्याचे बोलतो. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याचे २४ वे कलम शिक्षकाची कर्तव्ये सांगते: नियमित हजर राहणे, अभ्यासक्रम पुरा करणे, प्रत्येक बालकाची शिकण्याची कुवत पारखून लागेल तेथे अधिक शिकविणे, पालकांना वेळोवेळी भेटणे. ‘प्रत्येक बालकाची’ हे शब्द माझे नाहीत, कायद्याचे आहेत. त्याच्या अनुसूचीत पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवी २२० दिवस व १,००० तास शिकविण्याचे बंधन आहे. कायदेमंडळाने मुलाच्या वाट्याला काय यावे हे मोजले ते माणसाच्या तासांत. चित्रफितींच्या संख्येने हे ऋण फिटते असे म्हणणारे कलम या कायद्यात शोधून सापडणार नाही.

साधनाचा हक्क न्यायालयांनी मान्य केला आहे, आणि तो योग्यच आहे. केरळच्या उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी एका विद्यार्थिनीच्या अर्जावर, आंतरजाल वापरता येणे हे शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचे अंग आहे, असे ठरविले. वसतिगृहाच्या भ्रमणध्वनीबंदीस विरोध केला म्हणून तिला बाहेर काढण्यात आले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये खासगी शाळांतील गरीब मुलांना ऑनलाइन वर्गांसाठी यंत्रे व जोडणी पुरवावी, असा निर्णय दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. या खटल्यांत गरिबाच्या बाजूने जे बोलले गेले त्याच्याशी मी सहमत आहे. परंतु यंत्र मिळाले की शिक्षण मिळाले, असा अर्थ त्यांतून कोणी काढू नये. औषधाच्या दुकानापर्यंत रस्ता झाला म्हणजे रोगी बरा झाला असे होत नाही.

आणि आमच्या वकीलवर्गाचे वर्तन तरी पाहा! बार कौन्सिलने २००८ साली केलेल्या कायदा-शिक्षणाच्या नियमांत विद्यार्थ्याने ७० टक्के तासांना हजर असावे अशी अट घातली; दूरशिक्षणाने मिळविलेल्या कायद्याच्या पदवीवर ती सनद देत नाही. का? तर वकील घडावयास समोरासमोर प्रश्नोत्तरे हवीत, वाद ऐकावयास हवा, चुकीवर जागच्या जागी बोट ठेवणारे कोणी हवे, असे आम्ही सांगतो. विशीतल्या, लिहिता-वाचता येणाऱ्या, स्वतः पुस्तक उघडू शकणाऱ्या प्रौढाला जर शिक्षक समोर हवा, तर ज्याला अजून ‘क’ आणि ‘फ’ यांतला फरक कळत नाही त्या सहा वर्षांच्या पोराला पडदा पुरे, हे कोणत्या न्यायाने? मी स्वतः ऑनलाइन साधनांचा लाभ नित्य घेतो. सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्याही अर्जावर २०१८ मध्ये थेट प्रक्षेपणाचे तत्त्व मान्य केले, आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठापुढचे युक्तिवाद घरबसल्या ऐकता येऊ लागले. लहान गावातल्या नवख्या वकिलाला हे वरदान आहे. पण शंभर युक्तिवाद ऐकूनही त्याला दाव्याचा मसुदा करता येत नाही. मसुदा करता येतो तो ज्येष्ठ वकिलाने त्याचा पहिला मसुदा तांबड्या शाईने रंगवून परत केल्यावर.

येथे पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा येतो, आणि तो आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. “अहो, तुम्ही मोठ्या वर्गांचे बोलता. महाराष्ट्राबाहेर, गोव्याबाहेर विखुरलेल्या आमच्या कुटुंबांनी काय करावे? शेजारी दुसरे मराठी घर नाही, कोंकणी बोलणारे मूल नाही. आम्हाला ऑनलाइन वर्गावाचून गती काय?” हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही, भोपाळात राहून तो हसण्यावारी नेता येतच नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली, आणि जुन्या राजधानीतून, नागपुरातून, कितीतरी मराठी नोकरदार कुटुंबे बिऱ्हाड घेऊन येथे आली. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांपैकी कित्येकांना आज मराठी कळते, बोलता येते मोडके, लिहिता येत नाही. अशा घरी पुण्याहून वा मडगावाहून कोणी आठवड्यातून दोनदा पडद्यावर येऊन मुलाशी बोलत असेल, त्याचे वाचन ऐकत असेल, तर त्याला माझा विरोध नाही. मी त्याला ओवाळीन. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा सुटीच्या दिवशी स्वयंसेवक पालक चालवितात; त्या टिकल्या आहेत त्या मुलाला नावाने हाक मारणाऱ्या माणसांवर.

पण याच ठिकाणी एक धोका आहे, आणि तो मी वकील म्हणून दाखवून ठेवतो. त्याच १ नोव्हेंबर १९५६ ला सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हा अनुच्छेद संविधानात आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व स्थानिक संस्थेने करावा, असे तो सांगतो. भोपाळात मराठीसाठी, कर्नाटकात वा केरळात कोंकणीसाठी, हाच आमचा आधार आहे. उद्या एखादे खाते या अनुच्छेदाला उत्तर म्हणून लिहील: ‘सदर भाषेतील पाठ ॲपवर उपलब्ध आहेत, सबब वेगळ्या शिक्षकाची आवश्यकता नाही.’ आणि आम्ही त्यावर काय बोलणार? आमच्याच मंडळांनी आणि देवस्थानांनी तसेच ठराव आधी केलेले असतील, तर आमच्याच कबुलीजबाबाने आमचा दावा खारीज होईल. १९९२ मध्ये कोंकणीला आठव्या अनुसूचीत आणि २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषांत स्थान मिळाले, म्हणून आम्ही पेढे वाटले. भाषा अनुसूचीत राहिली आणि मुलाच्या जिभेवर राहिली नाही, तर ते पेढे कशाचे?

देवस्थानांच्या विश्वस्तांना व महाजनांना हे कळावयास तर मुळीच जड जाऊ नये. वेदपाठशाळेतील संथा त्यांनी ऐकलेली आहे. गुरुजी पद म्हणतात, शिष्य ते पुनःपुन्हा म्हणतो, आणि स्वर ढळला की गुरुजी तेथेच थांबवून पुन्हा म्हणवून घेतात. लिहिलेल्या अक्षराचा आधार न घेता इतका मोठा वाङ्मयराशी पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहिला तो गुरूने ऐकविल्यामुळे जेवढा, त्याहून अधिक गुरूने ऐकून घेतल्यामुळे. पद, क्रम, जटा, घन हे पाठ तरी कशासाठी रचले? उच्चाराची चूक लपून राहू नये म्हणूनच ना? ज्या परंपरेने एका ऱ्हस्व-दीर्घासाठी एवढी यातायात केली, त्या परंपरेचे वारस आज स्तोत्राची ध्वनिफीत गटात सोडतात आणि अहवालात लिहितात: ‘बालसंस्कार वर्ग नियमित चालू.’ महामारीच्या काळात देवळांनी पूजेचे थेट दर्शन घरोघरी दाखविले. भाविकांना त्याचा दिलासा मिळाला. पण हातावर तीर्थ पडले असे कोणी म्हटले नाही. देवाच्या बाबतीत जो भेद आम्हाला कळतो, तो मुलांच्या बाबतीत का कळू नये?

खर्चाची सबब पुढे येईल. ती नेहमीच येते. सभामंडपाला संगमरवर घालताना जी निधीची चणचण भासत नाही, ती आठवड्यातून एकदा येणाऱ्या शिक्षिकेला मानधन देताना भासते. मानधन वाचले म्हणून चिटणीस आनंदतात, जमाखर्चात शिल्लक दिसते, आणि तोटा मात्र कोठल्याच खात्यावर पडत नाही. तो दहा वर्षांनी त्याच देवळाच्या उत्सवात दिसतो, जेव्हा आरतीला उभी असलेली तरुण मुले ओठ हलवितात आणि शब्द त्यांना ठाऊक नसतात.

तेव्हा माझे मागणे एवढेच आहे. संस्थेने ऑनलाइन वर्ग अवश्य चालवावा. पण त्यात मुले तितकीच घ्यावी, जितक्यांचे वाचन वा म्हणणे शिक्षकाला त्या तासात पाळीपाळीने ऐकता येईल. वर्गाला शिक्षकाचे नाव असावे, आणि दोन आठवडे जे मूल दिसले नाही त्याच्या घरी दूरध्वनी करण्याचे काम त्याच नावावर असावे. जेथे चार कुटुंबे एका गावात आहेत तेथे महिन्यातून एक दिवस ती मुले एका छपराखाली बसावी. भोपाळसारख्या शहरात याला अडचण कसली? आणि वार्षिक अहवालात पाठविलेल्या चित्रफितींचा आकडा छापावयाचा असेल तर त्याच्या शेजारी, वर्षारंभी न येणारे पान वर्षअखेर किती मुलांनी वाचून दाखविले, तो आकडाही छापावा.

शेकडो वर्षे आमच्या शाळांत धडा संपल्यावर एक प्रश्न विचारला जात आला आहे. मराठीत तो ‘कळले का?’ आणि कोंकणीत ‘कळ्ळें?’ हा प्रश्न विचारून जो उत्तराची वाट पाहतो, आणि मुलाचा चेहरा पाहून ‘हो’ खरे की खोटे हे ओळखतो, तो शिक्षक. मग तो ओट्यावर बसलेला असो की पडद्यावर दिसत असो. जो विचारीतच नाही, तो टपालवाला. टपालवाल्याचे काम मानाचे आहे, पण त्याला गुरुदक्षिणा कोणी देत नाही.

येत्या आमसभेत विश्वस्तांनी ‘मुलांचे वर्ग ऑनलाइन चालू आहेत’ असे वाचून दाखविले, तर महाजनांनी उठून बजावणीचा पुरावा मागावा. तो देण्याचा भार पाठविणाऱ्यावर आहे, मुलावर नाही.